टिकटिकचा फोल्डर

आत्याच्या कॉम्प्युटरवर ती निळी पाटी पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत एक काका डाव्या कानाशिवाय बसले होते आणि आत्या त्यांच्या मानेला पिस्तूल लावून उभी होती. पिस्तूल म्हणजे रंग मोजायचं यंत्र. कातडीवर टेकवायचं, बटण दाबायचं, 'टूं' वाजतं, आणि कॉम्प्युटर सांगतो की या माणसाच्या रंगाचा कान बनवायला लाल किती थेंब, पिवळा किती, तपकिरी किती. त्या दिवशी 'टूं' वाजलं, पण आकडे आले नाहीत. पाटी आली. 'तुमची सिस्टीम जुनी झाली आहे. अपग्रेड करा.' खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' असं बटणच नाही.

माझं डोकं तिथूनच फिरलं. दारावर काही विकायला आलेल्या माणसालासुद्धा आपण नको म्हणू शकतो. हा तर घरात बसून, आपल्याच विजेवर चालून, आपल्यालाच सांगतो की आज नाही तर उद्या, पण करायचंच आहे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती नाकं आणि कान बनवते. कुणाचा अपघात झालेला असतो, कुणी भाजलेलं असतं, कुणाचं ऑपरेशनमध्ये काढलेलं असतं. रबरासारखा एक मऊ पदार्थ असतो, त्यात रंग कालवून ती असं नाक करते की तुम्ही हातभर अंतरावरून बघितलं तरी कळत नाही. चष्म्याच्या दुकानामागे तिची खोली आहे. एक मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, फळीवर लोकांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे. माणसं मागच्या जिन्याने येतात, दुकानातून नाही. मी तिच्याकडे काम करते. शाळा मी सोडली की शाळेने मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आत्याचा एक नियम आहे. कॉम्प्युटरमध्ये कुणाचं नाव घालायचं नाही. माणूस पहिल्यांदा आला की त्याचं जे काही डोळ्यात भरेल त्यावरून ती टोपणनाव ठेवते आणि फोल्डरला तेच नाव. 'पिवळी पिशवी'. 'घाईवाले'. 'तिघी बहिणींपैकी मधली'. खरं नाव फक्त आत्याच्या डोक्यात. फोटो मात्र लागतातच, समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून. आधीचे आणि नंतरचे. आधीचे म्हणजे नाकाशिवायचे. ते बघायची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले होते, आता नाही काही वाटत.

टिकटिक त्यातलीच. पहिल्या दिवशी वाट बघताना हातातलं पेन सतत टिकटिकवत बसली होती, म्हणून टिकटिक. आजारपणात तिचं नाक गेलं. विम्याच्या ऑफिसात लागली ती नवं नाक घालूनच, त्यामुळे तिथे कुणालाच माहीत नाही. घरी तिच्या आईला माहीत. बाकी जगात आत्या आणि मी, आणि हॉस्पिटल. हे रबर काही जन्मभर टिकत नाही, दोनेक वर्षं. कडा पिवळी पडायला लागते, मग नवं करावं लागतं. तिचं आता तेच आलं होतं. ती यायची होती रंग मोजायला.

पाटी 'नंतर आठवण करा'वर मी रोज ढकलत होते. पण मग हॉस्पिटलचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून पेशंटचे कागद फक्त त्यांच्या नव्या प्रोग्रॅममधून मिळणार, तो प्रोग्रॅम फक्त नव्या सिस्टीमवर चालणार, आणि प्रत्येक पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो आम्ही त्यावर चढवायचे. मी फोन करून विचारलं की फोटो कशाला. तिकडची बाई म्हणाली, सिस्टीममध्ये तसंच आहे. मी म्हटलं, सिस्टीम कोण आहे, तिला द्या फोन. तिने ठेवून दिला.

आत्याकडची बहुतेक माणसं हॉस्पिटलमधूनच येतात. म्हणून तिने दादाला बोलावलं.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. एका कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतो. मला 'कुकर' म्हणतो, कारण म्हणे मी कधीही शिट्टी मारते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आला, स्वतःचा नवा लॅपटॉप घेऊन, आणि आत्याच्या कॉम्प्युटरकडे असं बघितलं जसं डॉक्टर लोक आशा नसलेल्या पेशंटकडे बघतात.

आत्याने त्याला दोनच गोष्टी विचारल्या. पिस्तूल नव्या सिस्टीमवर चालेल का, आणि फोटो कुठे राहतील.

दादाने सगळी उत्तरं आधीच तयार ठेवली होती. पिस्तूल बनवणारी कंपनी बंद झाली असली तरी काहीतरी जुगाड मिळतोच, सगळ्यांना मिळतो. फोटो इथेच राहतील. नवी सिस्टीम ते वर इंटरनेटवर नेऊन ठेवायला बघते, पण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. आणि तो पुढे म्हणाला की जुन्याला आता सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. उद्या कुणी आत घुसलं, सगळे फोल्डर कुलूप लावून बंद केले आणि किल्लीचे पैसे मागितले, तर काय करशील. त्याचं हे बोलणं खरं होतं. मला त्याचाच जास्त राग आला. खोटं बोलत असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं की मी त्या नव्या सिस्टीमच्या अटी वाचल्यात. सगळ्या. त्यात लिहिलंय की सुरू करायलाच खातं लागतं, ई-मेल लागतो, आणि चेहरे ओळखायची सोय आधीपासूनच चालू असते, आपण शोधून बंद करायची.

दादा हसला. "आख्ख्या शाळेत एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाहीस, आणि हे वाचलंस?"

"पुस्तकात माझ्याकडून सही नव्हते मागत," मी म्हटलं.

आत्या म्हणाली, भांडू नका, आधी करून बघू. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, तुझ्या लॅपटॉपवर बघू काय चालतं आणि काय नाही. हे आत्याचं कायमचं आहे. नवा रंग आला की ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते. बरोबरच होतं तिचं. तेव्हा मलाही बरोबरच वाटलं.

पिस्तूल जोडलं. लॅपटॉपने जरा विचार केला आणि सांगितलं, 'हे उपकरण ओळखता येत नाही.' दादाने इंटरनेटवरून एक काहीतरी उतरवलं, ते टाकलं. 'हे उपकरण ओळखता येत नाही.' दुसरं काहीतरी उतरवलं. लॅपटॉप बंद पडून परत सुरू झाला, आणि पुन्हा तेच. दादाच्या मानेला घाम आला. म्हणाला, बघतो, ऑफिसातल्या एकाला विचारतो. तोवर फोटो तरी दाखवतो कसे उघडतात ते. आणि त्याने पेनड्राइव्हवर एक फोल्डर घेतला. कुठला, तर सगळ्यात वरचा, ज्याचं काम चालू होतं तो. टिकटिक. लॅपटॉपच्या पहिल्याच स्क्रीनवर ठेवला आणि उघडला.

फोटो सुंदर दिसत होते, खोटं कशाला बोलू. टिकटिकच्या गालावरचा एकेक तीळ दिसत होता. आत्या पुढे वाकून बघत राहिली, म्हणाली, कडेची छटा किती स्वच्छ दिसते रे. तिला मोह पडलाच होता. मी विचारलं की हे आता कुठे वर बिर नाही ना जाणार. दादा म्हणाला, अगं कुकर, माझ्या लॅपटॉपवर आहे, खिशात घालून चाललोय का. आमच्यासमोर त्याने फोल्डर पुसला. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मी स्वतः बघितलं.

आत्याने सांगितलं, मला विचार करू दे. दादा लॅपटॉप बगलेत मारून गेला.

नंतर एक दिवस संध्याकाळी वहिनी आमच्या घरी एकटी आली. दादा आणि ती आमच्यापासून वेगळे राहतात, दोन गल्ल्या पलीकडे, पण ती अशी न सांगता येत नाही. आईने पाणी दिलं, ते तिने हातात धरलं आणि प्यायली नाही. आई आत गेल्यावर मला म्हणाली, जरा गच्चीत चल.

गच्चीत तिने फोन उघडून माझ्यापुढे धरला. वर लिहिलं होतं, 'तुमच्यासाठी नवी आठवण'. खाली चार चौकोन. तिच्या बहिणीच्या लग्नातला फोटो, वहिनी नटून उभी आणि शेजारी टिकटिक, चष्मा लावून हसणारी. दुसरा वहिनीच्या विम्याच्या ऑफिसच्या सहलीचा, त्यातही टिकटिक. आणि मग दोन आमच्या खोलीतले. खिडकीसमोरचे. नाकाशिवायचे. वर टिकटिकचं खरं नाव, जे मीसुद्धा त्या क्षणापर्यंत ऐकलेलं नव्हतं. वहिनीने कधीतरी लग्नाच्या फोटोत ते टाकून ठेवलं होतं. खाली प्रश्न. 'ही तीच व्यक्ती आहे का?' आणि दोन बटणं.

आत्याने तिचं नाव कुठेही लिहिलं नव्हतं. पण चेहऱ्यावर लिहिलेलंच असतं की नाव, ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही फोल्डरला काहीही म्हणू, टिकटिक म्हणू नाहीतर टोपली म्हणू, मशीनला काय फरक पडतो.

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "ती माझ्यासमोरच्या टेबलाला बसते गं. मी काहीच दाबलं नाहीये. पण मी बघितलंय ना."

मी तिला काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. ती बिचारी सांगायला आली होती, आणि मी तिच्यावरच ओरडले की फोन कशाला उघडलास. मग चपला न घालताच खाली उतरले आणि दोन गल्ल्या तशीच चालत दादाकडे गेले.

दादा टीव्हीसमोर पाय पसरून बसला होता. मी टीव्हीची वायरच काढली. त्याला आधी कळेना. मग कळलं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या लॅपटॉपची पहिली स्क्रीनच त्याने वर इंटरनेटला जोडून ठेवली होती. तिथे काहीही ठेवलं की ते ठेवताक्षणी खात्यात जातं. आणि खातं त्याचं आणि वहिनीचं एकत्र, कारण वहिनीच्या फोनमध्ये जागा उरत नाही. ऑफिसात हा दुसऱ्यांचे शंभर कॉम्प्युटर असे लावून देतो की काही बाहेर जात नाही. घरी स्वतःचा उघडा. खालून पुसलं, वर राहिलं. आणि त्या चेहरे ओळखणाऱ्याने आपलं काम केलं. पिस्तूल त्याला ओळखता आलं नाही, टिकटिक ओळखता आली.

मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले आणि एकेक पुसायला लावलं. खात्यातून, खात्याच्या टोपलीतून, वहिनीच्या फोनमधून. प्रत्येक वेळी यंत्र विचारत होतं, नक्की का, ही आठवण तुम्हाला परत मिळणार नाही. दादा सारखा म्हणत होता, झालं ना आता, गेलं ना. मी विचारलं, चेहरा ओळखताना त्यांनी जे काय मोजलं असेल ते गेलं का. तो म्हणाला, ते मला नाही माहीत.

निदान एकदा तरी खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या खोलीत आम्ही तिघं. दादाने रजा टाकली होती. त्याचं म्हणणं असं होतं की टिकटिकला सांगायचं नाही. पुसलंय, वहिनी तोंड उघडणार नाही, मग तिला कशाला त्रास द्यायचा. उगाच झोप उडेल तिची. तो अगदी काळजीने बोलत होता आणि म्हणूनच मला त्याला खिडकीबाहेर टाकावंसं वाटत होतं.

मी म्हटलं, तिची काळजी नाहीये तुला, तुझी आहे.

"आणि तुला काय, तमाशा हवाय," तो म्हणाला. "तुला कुठेतरी आग लागलेली बघायचीच असते."

आत्या साच्यातून कुणाचा तरी कान सोडवत होती. बोटं थांबली नाहीत तिची. म्हणाली की ती बाई माझ्यासमोर चष्मा काढते, मग जे चष्म्याखाली चिकटवलेलं आहे ते काढते, आणि मग माझ्याकडे बघते. एवढ्या वर्षांत तिने दुसऱ्या कुणापुढे हे केलेलं नाही. तिला न सांगता मी तिच्या चेहऱ्याला हात कसा लावू.

"मग सांग," दादा म्हणाला. "आणि ती गेली सोडून तर?"

"तर जाईल."

दादाला मी सांगितलं की ती येईल त्या दिवशी इथे फिरकायचं नाही.

ती दुपारी आली, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून. मागच्या जिन्याने. खुर्चीत बसली, पिशवी पायाशी ठेवली. आत्याने आडवळण घेतलं नाही. काय करून बघायचं होतं, कुठला फोल्डर, कुणाचा लॅपटॉप, कुणाच्या फोनवर काय आलं, सगळं ओळीने सांगितलं. वहिनीचं नाव आल्यावर टिकटिकने मान वर केली.

तिने मग विचारलं, नाकाशिवायचे? आत्या म्हणाली, हो. समोरून? आत्या म्हणाली, समोरून आणि एका बाजूने.

"दोन दिवस ती डबा खायला आली नाही माझ्याबरोबर," टिकटिक म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी तिला विचारायला पण गेले होते."

वहिनीचा राग, दादाचा राग, त्या प्रश्न विचारणाऱ्या चौकोनाचा राग. कुणाला धरून हाणावं ते कळेना.

ती उठली. पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, कडीला हात घातला. म्हणाली, तुमच्याकडे नाव लिहीत नाहीत म्हणून मी आले होते, आत्या. हॉस्पिटलने आणखी दोन ठिकाणं सांगितली होती, मी इथेच आले. आत्या म्हणाली, हो. एवढंच. माफी आधीच मागून झाली होती, तीच परत परत मागून समोरच्याला 'असू दे' म्हणायला लावायचं, तसं तिने केलं नाही.

टिकटिक कडी धरून उभीच राहिली. मला बाजूने तिच्या चष्म्याखालची नाकाची कडा दिसत होती, पिवळी पडलेली, आणि एका कोपऱ्यात सुटायला आलेली. हे नाक असंच घालून ती फार तर आणखी थोडे दिवस ऑफिसात जाऊ शकली असती. दुसरीकडे जायचं तर पुन्हा साचा, पुन्हा फोटो, पुन्हा अनोळखी माणसापुढे चष्मा काढायचा. रागावून निघून जायलासुद्धा तिला जागा नव्हती. ते बघून मला जेवढा संताप आला तेवढा वहिनीचा फोन बघूनही आला नव्हता.

ती परत येऊन बसली. चष्मा काढला. बाकीचंही काढलं.

"मोजा," ती म्हणाली.

आत्याने पिस्तूल गालाला टेकवलं. टूं. जुन्या कॉम्प्युटरने आकडे दिले. आत्याने मान हलवली, दुसऱ्या गालावर लावलं. टूं. मग कपाळावर. पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाली की आज लाल खूप जास्त येतोय. चेहरा तापलाय तुमचा. या आकड्यांवर नाक केलं तर उद्या ते गालांशी जुळणार नाही.

टिकटिक म्हणाली, मग असंच करा, मी अशीच राहणार आहे.

"दोन वर्षं रागावलेलं नाक घालून फिरणार?" आत्याने विचारलं.

टिकटिक हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. विचारलं, किती वेळ लागतो उतरायला. आत्या म्हणाली, ते तुमच्यावर आहे, मला कुठेही जायचं नाही. तिने खिडकी उघडली, एक ओला रुमाल तिच्या हातात दिला आणि समोर स्टूल ओढून बसली.

आणि मग आत्याने तिला विचारलं की तुम्हीच सांगा, मी काय करू. जुनं ठेवलं तर पिस्तूल चालतं, पण हॉस्पिटल माणसं पाठवायचं बंद करेल, आणि जुन्यात कुणी घुसलं तर मला कळणारही नाही. नवं घेतलं तर रंग डोळ्यांनी जुळवावा लागेल, आणि तुमचे फोटो हॉस्पिटलच्या त्या प्रोग्रॅमवर चढवावे लागतील.

"मला का विचारताय?"

"चेहरा तुमचा आहे."

मी तिथेच होते, प्लास्टर चाळत. हा प्रश्न मला सुचला नव्हता, दादाला सुचला नव्हता, हॉस्पिटलला तर सुचणारच नव्हता. आम्ही सगळे आपापसात गळे धरून बसलो होतो.

टिकटिकने रुमाल गालाला लावून बराच विचार केला. आधी म्हणाली, जुनंच ठेवा, इंटरनेटची वायर काढून टाका. मग स्वतःच म्हणाली, पण हॉस्पिटलने पाठवलं नसतं तर मी तुमच्यापर्यंत आलेच नसते. माझ्यामागून येणारीचं काय. तिने मला विचारलं, त्या पत्रात फोटो दिलाच पाहिजे असं लिहिलंय की पेशंट नाही म्हणू शकतो असं काही आहे. मी पत्र आणून वाचलं. नाही म्हणायची सोय त्यात नव्हती, पण चढवलाच पाहिजे असंही कुठे छापलेलं नव्हतं, नुसतं 'चढवावेत'. त्या फोनवरच्या बाईने ते सक्तीचं करून टाकलं होतं.

"मग मी लिहून देते," टिकटिक म्हणाली. "माझ्या खऱ्या नावाने. माझा फोटो कुठेही चढवायचा नाही. पुढच्या प्रत्येकीला तुम्ही विचारा, जिला चालेल तिचा चढवा." कागद घेतला आणि तिथेच लिहिलं. हॉस्पिटलच्या कागदांसाठी एक वेगळा नवा कॉम्प्युटर ठेवायचा, त्याला पिस्तूल नाही आणि परवानगीशिवाय एकही फोटो नाही, आणि जुन्याची इंटरनेटची वायर आत्ता काढायची, हे आत्याने ठरवलं. वायर मी काढली, जरा जास्तच जोरात. सॉकेटचा तुकडा हातात आला. हॉस्पिटल हे मान्य करेल याची काही खात्री नाही. नाही केलं तर आत्याकडे माणसं कमी येतील, आणि तेव्हा कुठलंही मशीन 'नक्की का' विचारणार नाही, भोगावं आम्हालाच लागेल.

"आणि माझे इथले फोटो?" टिकटिकने विचारलं.

आत्या म्हणाली, साचा आहे, आज आकडे मिळाले की फोटोंशिवाय जमेल. पुढच्या वेळी नव्याने काढावे लागतील, तेव्हा तुम्ही हो म्हणालात तर. टिकटिकने माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिच्यासमोर फोल्डर पुसला.

मग मी तोंडातल्या तोंडात दादाला शिव्या द्यायला लागले. मला कळलंच नाही की ऐकू जातंय. आत्याने मला दाराकडे बोट दाखवलं. म्हणाली, तू इथे धुसफुसत बसलीस तर हिचा चेहरा निवायचा नाही. बाहेर बस.

मागच्या जिन्यावर दादा होता. येऊ नको सांगूनही आला होता, खालच्या पायरीवर, हातात हेल्मेट. मला बघून उठला. म्हणाला, मला तिची माफी मागायचीय, दोन मिनिटं आत जाऊ दे.

मी पायरीच्या मधोमध बसले, दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकवून.

"आता नाही," मी म्हटलं. "तिचा रंग उतरायचाय. तुला बघून परत चढेल."

"किती वेळ?"

"तिला वाटेल तेवढा."

तो बसला. काही वेळाने विचारलं, काय म्हणाली माझ्याबद्दल. मी सांगितलं की तुझं नावसुद्धा काढलं नाही. वहिनी डबा खायला का येत नव्हती, तेवढंच तिला कळलं. दादाने हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग फोन काढून वहिनीला लावला, आणि उद्या डब्याच्या वेळी तिच्या टेबलाशी जाऊन बस, असं सांगायला लागला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि वहिनीला म्हटलं, हा सांगतोय म्हणून जाऊ नको. आधी टिकटिकला विचार, बसू का म्हणून. ती नको म्हणाली तर नको.

वहिनी म्हणाली, तिचं नाव टिकटिक नाहीये. मी म्हटलं, माहीत आहे, पण मी ते नाव कुणापुढे घेणार नाही, तुझ्यापुढे पण नाही.

आत टूं वाजलं. मग आत्याचा आवाज आला, अजून थोडा लाल आहे. आणि खुर्ची सरकल्याचा. मी भिंतीवरचे हात काढले नाहीत.